ओली फडकी

४ मार्च, सोमवार

...उठल्याबरोबर पहिलं काम म्हणजे ह्यांची बाटली भरायची. मूत्रपिंडं कामातून गेलेली, त्यामुळे दिवसभराचं पाणी डॉक्टरांनी ठरवून दिलेलं. त्याच्यावर एक घोट गेला तर तो छातीत साठायचा. बाटली भरली की घरातली बाकीची पाण्याची भांडी उचलून मागच्या खोलीत न्यायची आणि दाराला कडी घालायची. मग केर, मग अंथरुणं, मग गरम पाण्यात टॉवेल पिळून ह्यांचं अंग पुसायचं. न्हाणीतला नळ ठिबकायचा. तो आवाज ह्यांच्या कानावर पडू नये म्हणून मी नळाला कपडा बांधला होता. ह्यांनी मात्र पाणी कधी मागितलं नाही. मी प्यायला लागले की तोंड भिंतीकडे करायचे, एवढंच.

आज सकाळी हात आपोआप भांड्याकडे गेला. मग आठवलं, ह्यांना जाऊन आठ महिने होत आले, आता कोणापासून लपवणार? भांडं होतं तिथेच ठेवलं, वेणी घातली आणि कामाला गेले. हो, कामाला! या वयात मला नोकरी लागली आहे.

नणंदेची कृपा. ती कला केंद्रात तिकीटखिडकीवर बसते. घरात बसून पुस्तकं चाटण्यापेक्षा चार माणसांत ये, म्हणाली. केंद्र म्हणजे जुना बर्फाचा कारखाना. भिंती हातभर जाड आणि अजून घाम येणाऱ्या. खाली चित्रांची दालनं, वर कलाकारांच्या खोल्या. खोल्यांना काचेची दारं आहेत आणि लोक असेपर्यंत ती उघडी ठेवायची असा नियम आहे. कोणीही आत यावं, काम बघावं, वाटेल ते विचारावं. मी सगळ्या पाट्या वाचून काढल्या. वाचायला मी सामानाच्या पुड्यांवरून शिकले, त्यामुळे छापलेलं काही सोडवत नाही. एका चित्रकाराचे नुसते राखाडी चौकोन आहेत आणि शेजारची पाटी चौकोनाहून मोठी! त्याला सगळे राखाडीच म्हणतात. तोही ओ देतो.

मला टोकाच्या खोलीतल्या मूर्तिकार बाईंकडे दिलंय. त्या मला मावशी म्हणाल्या, चहा दिला, खुर्ची दिली. खिडकीतून ऊन येतं. फार दिवसांनी दुपारी झोप आली नाही.

७ मार्च, गुरुवार

काम सोपं आहे. बाई एका बसलेल्या म्हाताऱ्याची मूर्ती करताहेत, खऱ्या माणसाएवढी. पुढे ती खोलीमागच्या विटांच्या भट्टीत भाजायची आहे. तोवर माती ओली राहिली पाहिजे. ओली असेतो माती ऐकते, सुकली की हट्टाला पेटते, असं बाई म्हणतात. म्हणून सकाळी फडकी भिजवायची, पिळायची, ज्या भागावर काम नसेल तिथे गुंडाळायची. संध्याकाळी सगळ्या अंगाला गुंडाळून वर प्लास्टिक. फडकं किती पिळायचं ते मला शिकवावं लागलं नाही. तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवतो तेवढंच.

मूर्तीला अजून चेहरा नाही. पाठ मात्र इतकी थकलेली केली आहे की गुंडाळताना मी नकळत सावकाश हात फिरवते.

एक गोष्ट खटकली. सकाळी प्लास्टिक काढलं तर फडकी ठणठणीत कोरडी. ज्या इमारतीत भिंतींना घाम येतो तिथे! बाई म्हणाल्या, मावशी, पाण्याची चिंगूसगिरी करू नका, नळाला काही पैसे पडत नाहीत. त्यांना काय ठाऊक. पण तो शब्द मला लागला.

१२ मार्च, मंगळवार

आजचं लिहायचं नव्हतं. लिहिते.

बाईंनी चेहरा लावला. बसल्या बसल्या त्या मला ह्यांच्याबद्दल विचारतात आणि मी सांगते, त्यामुळे कपाळ थोडं तसं झालं याचं नवल वाटलं नाही. पण डावा कान बघितला आणि हातातलं फडकं पडलं. पाळी चिरलेली. ह्यांच्या कानाची पाळी लहानपणी दाराच्या कडीत अडकून चिरली होती. ते मी सांगितलं नव्हतं. बाई म्हणाल्या, माती कापायची तार चुकून लागली, बरं दिसतंय म्हणून राहू दिलं.

दुपारी नणंद डबा घेऊन वर आली. चिखलाचा वास येतो म्हणून ती इतके दिवस वर फिरकली नव्हती. दारातच थांबली. दादा, म्हणाली. मग माझ्याकडे वळली. खोलीत दहा-बारा लोक उभे होते, त्यांच्यासमोर. म्हणाली, हिनं मारलं माझ्या भावाला, पाण्यावाचून मारलं. नळाला कपडा बांधला होता हिनं, नळाला! दारातल्या कुत्र्यालासुद्धा लोक भांडं भरून ठेवतात.

मी हातातलं फडकं पिळत राहिले. बोलायचं ते तेराव्यालाही बोलले नव्हते.

 मग मागच्या एकानं टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळ्यांनी वाजवल्या. त्यांना वाटलं, हा केंद्राचाच कार्यक्रम आहे. एका बाईनं विचारलं, पुढचा खेळ कधी? मूर्तिकार बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. संध्याकाळी त्यांनी मूर्तीचं नाव पाटीवर लिहिलं, ‘तहान’. नणंदेला म्हणाल्या, शनिवारी गर्दी असते, तेव्हा असंच येऊन बोलाल का? नणंद म्हणाली, न यायला काय झालं? खरंच तर आहे.

१६ मार्च, शनिवार

नणंद आली, बोलली. टाळ्या पडल्या. आज तिनं एक वाक्य वाढवलं. मी ह्यांच्यासमोर मुद्दाम गटागटा पाणी प्यायचे म्हणे.

लोक गेल्यावर मी मूर्तीच्या ओठांवर फडकं ठेवलं. ओठांना भेगा पडू लागल्या होत्या, तेवढ्यासाठीच. थोडं पिळलं. पाणी खाली ओघळलं नाही. आणखी पिळलं. तेही गेलं. मग वाटी भरून लावली आणि गळ्याशी, जिथे बाईंनी दोन शिरा काढल्या आहेत तिथे, माती हलली.

मला भीती वाटायला हवी होती. मला रडू आलं आणि मी हसत होते. वाटीमागून वाटी दिली. इतक्या दिवसांचं. कोणी मोजायला नव्हतं, कोणी ओरडायला नव्हतं. घरी येऊन न्हाणीतल्या नळाचा कपडा सोडला. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

२० मार्च, बुधवार

रोज पाजते. एवढ्या पाण्यानं माती बसायला हवी, ढासळायला हवी, असं बाई स्वतःच म्हणतात. नवल करतात आणि पुढे काम करतात. गालांना हात लावला तर कोमट लागतात.

मला मात्र बरं नाही. घसा कोरडा पडतो. तांब्यामागून तांब्या पिते, तरी जीभ टाळूला चिकटलेलीच. लघवीला दिवसातून एकदा, तीही नावाला. हातांना भेगा पडल्यात. बाई म्हणतात, मातीचं काम आहे मावशी, तेल लावा.

सकाळी ह्यांच्या फोटोसमोर बसले. रोज बसते, रोज थोडं रडते, मग केर काढते. आज डोळ्यांतून पाणी आलं नाही. नुसती आग.

२३ मार्च, शनिवार

आज मूर्ती पोकळ केली. भरीव माती भट्टीत फुटते, म्हणून आधी कापून आतून कोरावी लागते. ही रीतच आहे, म्हणाल्या. बघायला गर्दी होती.

बाईंनी तारेची दोन टोकं धरली आणि गळ्यातून ओढली. डोकं उचलून माझ्या मांडीवर दिलं. धरा, म्हणाल्या, नाक दाबू नका. मग छातीत हात घालून गोळेच्या गोळे काढले आणि पिंपात टाकले. प्रत्येक गोळ्याला विनोद. हे बघा काळीज, फार जड आहे, बायकोनं दिलेलं दिसतंय. लोक हसले. नणंद पण हसली.

मांडीवरचे ओठ हलत होते. कोणाला दिसलं नाही. मी पदर टाकला. पदराखालून दोनदा शब्द आला. पाणी.

डोकं पुन्हा चिकटवलं. टाळूला भोक ठेवलंय, भाजताना वाफ जायला. बाई हात धुता धुता म्हणाल्या, मावशी, आता फडकी बंद. आता पाणी बंद. अगदी डॉक्टरांच्याच सुरात.

२ एप्रिल, मंगळवार

पाणी बंद आहे. मूर्तीचं अंग पांढरट पडत चाललं.

तो म्हातारा पाणी मागतो. दिवसभर, लोक उभे असतानासुद्धा. मलाच ऐकू येतं. मी पाठ केली की जोरात. पोकळ झाल्यापासून आवाज घुमतो.

बाईंना एकदा सांगून पाहिलं. खूश झाल्या. हे पाटीवर घालू, म्हणाल्या.

नळाला पुन्हा कपडा बांधला. बाईंच्या खोलीतल्या नळाला. नणंदेनं पाहिलं. जाणाऱ्या-येणाऱ्यांना बोट करून दाखवलं.

९ एप्रिल, मंगळवार

दिलं. राहवलं नाही. एक वाटी.

घेताना तो माझ्या हाताकडे बघत होता. वाटी रिकामी झाली आणि माझं तोंड — जीभ लाकडासारखी. ओठ फुटला, रक्त आलं नाही. पाणी वाटीतून जातच नव्हतं. माझ्यातून जात होतं. इतके दिवस.

मग त्यानं मला नावानं हाक मारली आणि म्हणाला, कुत्र्यालासुद्धा भांडं भरून ठेवतात.

हे कधी असं — ह्यांनी कधी मागितलं नाही. तोंड भिंतीकडे करायचे. मला पिताना वाईट वाटू नये म्हणून. एवढंही मी विसरले होते.

कान त्यांचा आहे. बोलणं नणंदेचं. टाळ्यांचं. हा ते नाहीत.

पण चेहरा —

१२ एप्रिल, शुक्रवार

बाईंनी हात लावून पाहिला, टकटक केली. खणखणीत वाळलाय, म्हणाल्या. बाहेरून वाळलाय. उद्या भट्टी. मला बजावलं की थेंबभर ओल आत राहिली तरी वाफ होऊन सगळं फुटतं, भट्टीच्या विटासुद्धा उडतात. राखाडीची मूर्ती अशीच गेली, तेव्हापासून तो चौकोन काढतो. हसल्या.

घरी जिना चढवेना. बोटं मिटत नाहीत. डॉक्टरकडे गेले तर सलाईन लावतो म्हणाला, शीर सापडेना.

तो थांबणार नाही. मी दिलं नाही तरी घेतो.

१३ एप्रिल, शनिवार

सकाळी लवकर गेले. तो भट्टीत बसवलेला, दार उघडं. शेजारी बादली भरून ठेवली आणि वाटीनं पाजायला लागले.

आधी अधाशासारखा प्यायला. माझे डोळे आत ओढल्यासारखे — भिंत धरली. दिलं. पोट भरल्याचा आवाज आला, घागर भरल्यासारखा. मग तो म्हणाला, पुरे.

हा शब्द ह्यांच्या तोंडून ऐकायला मी काय दिलं नसतं. एकदा, पोटभर पिऊन, पुरे.

मी थांबले नाही. ओठ मिटले तेव्हा टाळूच्या भोकातून ओतलं. तो नको म्हणत होता. ह्यांच्या आवाजात. चुकून पहिल्यांदाच ह्यांच्या आवाजात. बादली संपवली. बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसलं आणि दार लावलं.

बाई आल्या. मला म्हणाल्या, मावशी, भट्टीचा खटका तुम्हीच ओढा, तुमचा हात लागलाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ओढला.

बाई लोकांना घेऊन खाली दालनात गेल्यात. मी कोपऱ्यात लिहिते आहे. आतून ओरडणं — आता थांबलं. शिटीसारखं काही. हाताला घाम आला. घाम! जिभेवर थुंकी आली.

नणंद आली आहे. माझ्याकडे पाहिलं नाही. भट्टीच्या दाराला आत बघायचं भोक आहे, त्याला डोळा लावून उभी आहे. दादा, दादा करते आहे. दाराच्या विटा थरथरताहेत. तिला हाक मारायला हवी. घसा ओला आहे, आवाज निघेल. एवढी ओळ लिहून झाली की उठते आणि तिला