दुसरा हेडफोन कोणासाठी

३ नोव्हेंबर, सोमवार

लग्नानंतरची पहिली वर्षं. लाईट गेली की मागची भातगिरणी थांबायची आणि हे अंगावरचा कोंडा झटकत घरात यायचे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून कोरा चहा. गिरणी बंद, पंखा बंद, आणि ह्यांचा आवाज एकदम खाली आलेला. "आज काय वाचलं?" असं काहीतरी विचारायचे. मी सांगायची. लाईट आली की अर्धा कप तसाच ठेवून पळायचे. एवढंच. आज भांडी लावताना का आठवलं कोण जाणे.

आता गिरणी भाड्यानं दिली आहे. धानाचा हंगाम, मूल गावचा रस्ता ट्रॅक्टरांनी भरलेला, मागे दिवसभर घरघर. हे घरीच असतात. गिरणीनं कान नेले, आवाज मात्र गिरणीवर मात करणारा तोच राहिला. मी काळा हेडफोन लावून बसते. लेकीनं, निशानं, पुण्याहून पाठवलेला. बटण दाबलं की घरघर बंद, टीव्ही बंद, हे बंद.

(लिहिल्यावर वाईट दिसतंय. राहू दे.)

दुसरा हवा आहे. कोणाला सांगितलेलं नाही.

५ नोव्हें.

आणखी दोन परीक्षणं वाचली. मला हवा आहे तो मागून जाळीचा. आतला आवाज बाहेर जातो, बाहेरचा आत येतो, म्हणजे गिरणी ऐकू येणारच. पण सगळे म्हणतात, पियानो समोर ठेवल्यासारखा वाटतो. काळ्यात तो कपाटात कोंडल्यासारखा वाटतो. शाळेत प्रार्थनेच्या हॉलमध्ये सिस्टर वाजवायच्या आणि पानं उलटायला मी शेजारी उभी असायची. त्यांच्या बाहीला कापराचा वास. खिडकीतून ऊन. तसं पुन्हा ऐकू येईल का, एवढीच हौस. साठी उलटल्यावर. किंमत इथे लिहिणार नाही.

शेजारच्या घरातून सुमनताई आल्या (नणंद, पण मैत्रीणच). मोबाईलवरचा फोटो पाहिला. "काऊन वो वयनी, कान तं दोनच हायेत ना तुमाले? का आनखी फुटले?" मग म्हणतात, "हा एक लावून आंगनात बसता तं वाघ आला तरी समजनार नाई. दुसरा घेऊन का वाघाले गानं आयकवाल?"

हसले. पण लागलं.

७ नोव्हें.

हेडफोन लावला की हे हमखास येतात. एरवी तासभर पेपरात तोंड. मी लावला रे लावला की समोर उभे. निशाचा फोन आला का. माझी कात्री कुठी गेली. भाजी कायची आहे. आज हे तिसऱ्यांदा आले तेव्हा मी ओरडलेच, "वांगी! वांगीच आहेत!" हे खूश होऊन गेले. मुद्दाम करतात. कोणी माणूस दार बंद करून बसलंय म्हटल्यावर दार वाजवायचंच, असा स्वभाव.

९ नोव्हें., रवि.

बाजारात लहानूभाऊ भेटले, आपल्या गिरणीवर पूर्वी पोती उचलायचे. म्हणाले, "बाई, भाऊ लय खूश हायेत. बाई माह्यासाठी कानाले लावाचा डब्बा पाहून राह्यली म्हनत होते. मयनाभरापासून निवडूनच राह्यली म्हने. आता बातम्या मस्त आयकू येतीन त्याहिले."

हातात मेथीची जुडी घेऊन उभी राहिले. 

ह्यांनी मोबाईलवरचे फोटो पाहिले असणार. घरात एक हेडफोन आहे, तो माझा. मग दुसरा कोणाचा? सरळ आहे. कोणालाही असंच वाटेल. माझ्याच डोक्यात एकदाही आलं नाही. महिनाभर मी वाचत होते, कानावरचा कप लाकडी चांगला की धातूचा. ह्यांच्या कानांबद्दल एक ओळ वाचली नाही.

१० नोव्हें.

आज सांगून टाकायचं ठरवलं होतं. हे सकाळीच कुठेतरी गेले ते दवाखान्यातून आले, दोन्ही कानांत कापूस. "कान धुऊन आलो. नवी वस्तू, मळक्या कानाले कायले लावाची?" वाटेत न्हाव्याकडून कानांवरचे केसही काढून घेतलेले. कान लालबुंद, पहिल्या दिवशी शाळेत निघालेल्या पोरासारखे.

नाही सांगितलं. "चंद्रपूरला जाऊन बघू," मी म्हटलं. ह्यांना ते ऐकू गेलं नाही. "हो," म्हणाले तरी.

१४ नोव्हें., शुक्र.

चंद्रपूर. सकाळची बस. हे इस्त्रीचा शर्ट घालून.

मला हवा तो दुकानात होता. आधी ह्यांच्या डोक्यावर चढवला. पियानो लावला. डोळे मिटून बसले. मग दोन्ही हातांनी उतरवून जपून काचेवर ठेवला. "चांगला हाये. नाजूक हाये." काहीही ऐकू आलं नव्हतं, तोंडावरच होतं.

मग मी लावला. लिहू नये पण लिहिते. पियानो तिथे होता. दुकानाच्या मधोमध. पेडल सोडल्याचा तो बारीक आवाजसुद्धा.

भानावर येऊन ह्यांना विचारलं, "कसा दिसतो?"

"हो हो."

"कसा दिसतो विचारलं."

"हो."

दुकानदारानं बंद प्रकारातलाही एक दाखवला, काळ्यासारखाच, आवाज भरपूर करून. तो लावून मी म्हटलं, "अहो, हा कसा आहे?" सगळं दुकान वळून बघायला लागलं. दुकानदार हसत खूण करतोय, मॅडम, हळू. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सिस्टरांनी दहा वर्षं शिकवलं, मुलीचा आवाज खोलीच्या दारापर्यंत जावा, दाराबाहेर नाही.

आणि हे! असा चेहरा मी कधी पाहिला होता? "बोलू द्या ना तिले," दुकानदाराला म्हणाले. "असंच तं आयकू येते मले."

काही न घेता निघालो.

बसमध्ये मूल गाव येईपर्यंत हेच बोलले, आणि ह्यांच्या आवाजात बोलले, म्हणजे पुढच्या चार सीटांनी ऐकलं. "तू लय हळू बोलतेस. पयले समजत होतं. आता लय वर्सं झाले, मी तुह्या तोंडाकडं पायतो अन् हो म्हनतो. कधी चुकते, मंग तू रागावतेस. निशानं तो काळा पाठवला अन् तू झकास वरडाले लागली! म्हनून तं येतो मी तू लावला का. काम काईच नसते."

मी विचारलं, कात्री?

"काय?"

"कात्री!"

"खिशातच होती."

जंगलाचा पट्टा लागला. मी बाहेर बघत राहिले. ह्या घरात आवाजाचा त्रास सोसते ती मी, असंच मी आजवर धरून चालले. मैत्रिणींना सांगितलं. ह्याच वहीत किती वेळा लिहिलंय, मागची पानं काढून बघायची हिंमत नाही.

उतरायच्या आधी म्हणाले, "थो जाळीचा नोको घेऊ. त्यात तू आपलाच आवाज आयकते, पुन्हा हळू बोलशील." मग थोड्या वेळानं, "मले त्यातलं काई आयकू नाई आलं. तुले आलं, थे दिसलं मले."

म्हणजे कळलं का, कोणासाठी बघत होते ते? विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

१७ नोव्हें.

हेडफोन न लावता मोठ्यानं बोलायचा प्रयत्न. जमत नाही. आवाज वर गेला की रागाचाच होतो. "चहा घ्या!" म्हटलं तर हे म्हणतात, "भांडून काऊन राह्यली?" सुमनताई कुंपणावरून, "काय झालं वो वयनी? भावानं काई केलं का?"

निशा फोनवर म्हणाली, आई, बाबांना श्रवणयंत्र लागेल, तपासणी करून घे. ह्यांना सांगितलं. "थे म्हाताऱ्याहिचं. हेडफोन म्हनजे जवान मानूस." बहात्तरावं लागलंय.

दुपारी काळा लावला, काहीही न वाजवता, नुसतं बटण दाबून. हे आलेच. मी ओरडून विचारलं, मला ओठ वाचता येतील इतकं सावकाश हे सांगत गेले. गिरणीच्या पूर्वीच्या मालकाचा घोडा, आईची खीर, आरमोरीची आत्या. मला ह्यातलं निम्मं माहीतच नव्हतं. एकाच घरात.

२१ नोव्हें.

आज मागवला. तोच, जाळीचा.

काळा लावून ह्यांच्याशी बोलायचं आणि हा लावून पियानो ऐकायचा, असं मनाशी म्हटलं. छान वाटतं ऐकायला. खरं एवढंच की ह्यांनी नको म्हटलं आणि मी मागवला. जेवताना ह्यांच्याकडे बघवेना. म्हणाले, "मीठ कमी झालं का? गप काऊन?"

२४ नोव्हें.

निशाची बाळंतपणाची तारीख अलीकडे येतेय म्हणतात. उद्या निघते, नागपूरहून गाडी. किती दिवस तिकडे राहावं लागेल माहीत नाही. सुमनताईंना सकाळी सांगायचं ते इथेच उतरवते, नाहीतर घाईत विसरेन.

डिंकाच्या लाडवांचा मोठा डबा माझ्याबरोबर. छोटा लहानूभाऊंना. त्यांच्या सुनेला पाचवा महिना आहे.

निळी शाल सुमनताईंना. परत द्यायची नाही.

काळा हेडफोन ह्यांना. मी नेत नाही. टीव्हीला जोडून दिलाय, आवाज उजव्या कानामागून वाढतो. कोणी मागितला तरी देऊ नये, लग्नाला, वरातीला, कुठेही.

पार्सल माझ्या नावानं येईल. न उघडता ह्यांच्या हातात द्यावं. ठेवायचं की परत पाठवायचं, हे ठरवतील. कोणासाठी आहे असं विचारतील, तेव्हा सुमनताईंनी काही सांगू नये, आपल्याकडून गोड करून तर मुळीच नाही. मला फोन लावून द्यावा. मी सांगेन. तिथे बाळ झोपलेलं असलं तरी मोठ्यानं सांगेन.