साहेबांच्या मशीनची नक्कल

प्रिय खटपट्या,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस. म्हणून तुझ्या वहिनीने शेवटी कागद-पेन हातात घेतलंय. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच. तुझ्या दादाने लग्नाआधी माझी पत्रं अशीच वाचली होती. घरी सगळं ठीक. आई गुडघ्याच्या नावाने कुरकुरत जिना चढतात आणि वर आल्यावर म्हणतात, मला कुठे काय झालंय. दादा हल्ली तुझ्या खोलीत कपडे वाळत घालतो. मला ते अजिबात आवडत नाही. खोली तुझी आहे.

आता आपल्या ऑफिसचं. दवाखान्याच्या वेबसाइटवर दोन पेशंटना एकच वेळ मिळायची, ती चूक तू दुरुस्त केलीस. चाचणीत दरवेळी बरोबर यायचं, पानावर मात्र जुनंच रडगाणं. तू घसा कोरडा करून सांगत होतास की कोड ठीक आहे, तो पानापर्यंत पोचतच नाहीये. आणि डॉक्टरांसमोर, अख्ख्या ऑफिससमोर साहेब म्हणाले, "सबबी पुरे. तुला हे काम जमणार नाही." त्यात मागून कुणीतरी पुटपुटलं, वहिनीच्या वशिल्याचा. तू बॅग उचललीस आणि थेट परगावी मित्राच्या छापखान्यात जाऊन बसलास. त्या दिवशी मला रडू आलं आणि रागही आला. साहेबांचा आलाच, पण तुझाही आला. एवढ्यावर कुणी नांगी टाकतं का रे?

मी मात्र पिच्छा सोडला नाही. तुझ्याच मशीनवर बसले. प्रत्येक पेशंटला पहाटे तीनची वेळ मिळेल असं मुद्दाम कोडमध्ये लिहिलं, बिल्ड करून नव्या फाइली तयार केल्या, सर्व्हर पुन्हा चालू केला. पान ढिम्म. तेव्हा सेटिंग उघडली आणि कपाळावर हात मारला. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे: नवा माणूस आला की साहेबांच्या मशीनवरून अख्खा जावा प्रोजेक्ट, सेटिंगसकट, त्याच्या मशीनवर उतरवायचा. साहेबांचं म्हणजे बरोबरच असणार, बघायचं कशाला. तर त्या सेटिंगमध्ये आउटपुट फोल्डर, म्हणजे तयार फाइली जिथे पडतात तो, साहेबांच्या कुठल्यातरी जुन्या प्रोजेक्टचा. तू लिहिलेलं सगळं कंपाइल होऊन तिथे जाऊन पडत होतं, तुझ्या चाचण्याही तिथूनच चालायच्या. आणि सर्व्हर वाचत होता नकलेबरोबर आलेल्या जुन्या फाइली. साहेबांनी कोड लिहिणं कधीच सोडलंय, त्यांना कळणार कसं? बाकीचे शहाणे नव्या फाइली हाताने उचलून सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकायचे आणि तोंडातून ब्र काढायचे नाहीत. आईंना मी एवढंच सांगितलं की हा रांधतोय नव्या पातेल्यात आणि वाढणारा वाढतोय कालच्या पातेल्यातलं. त्यांनी विचारलं, मग बोलणी रांधणाऱ्याला का बसली? मी म्हटलं, तेच तर.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तुझ्या टेबलाशी बोलावलं. माझा पहाटे तीनचा वात्रटपणा काढून टाकला होता, तुझ्या कोडमधला स्वल्पविरामसुद्धा हलवला नव्हता. आधी सर्व्हर वाचत होता तो जुन्या फाइलींचा फोल्डर रिकामा केला, तर पान उघडेचना. मग तोच फोल्डर आउटपुटला दिला आणि बिल्ड केलं. दोन पेशंट, दोन वेगळ्या वेळा. वशिल्यावर बोलणारा एकदम आपल्या बुटांकडे बघायला लागला. मला इतका अभिमान वाटला तुझा, की सांगता सोय नाही. साहेबांचा चेहरा पडला. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, फोन लावून द्या, मी त्याला सॉरी म्हणतो. मी चक्क नाही म्हटलं. चारचौघांत बोललात, तर चारचौघांतच मागे घ्या म्हटलं. मग साहेब म्हणाले, "मी जातो. पण तो मला दारातूनच परत पाठवेल."

म्हणून हे पत्र. ते मी पोस्टात टाकलेलं नाही. तुझ्या हातात ज्यांनी दिलं ते साहेबच आहेत, आणि तू हे वाचत असताना तुझ्यासमोर उभे आहेत. काय बोलायचं ते मी त्यांना शिकवलेलं नाही. मशीन थांबव, छापखान्यातल्या सगळ्यांना जवळ बोलाव, आणि त्यांना बोलू दे. परत यायचं की नाही, ते सर्वस्वी तू ठरव. फक्त हे काम आपल्याला जमत नाही असं समजून तिथे राहू नकोस. आता मान वर कर आणि बघ त्यांच्याकडे.

तुझीच,
वहिनी