बेन कॉम्प्टनचं दार

ब्रुकलिन,
२ जून १९८६

चि. ऑर्विलला आत्याचे अ. आ.

तुझं पत्र पोचलं. वाचून कपाळावर हात मारला. अरे, मागणीचं पत्र मुलानं स्वतः नेऊन द्यायचं असतं का? घरातलं वडीलधारं माणूस ते नेतं, आणि दार वाजवायला बेटावर जन्मलेला एक मध्यस्थ बरोबर घेतं, हे आपल्या कॅरिअकू बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बेन कॉम्प्टननं पत्र न उघडता तुझ्या हातात परत ठेवलं, यात त्याचं काय चुकलं? वर तू त्याच्याच अंगणात उभा राहून त्याला सुकं खोबरं म्हणालास! त्याच्या वेर्लिनशिवाय करमत नाही म्हणून कॉलेज अर्ध्यात सोडलंस, तर निदान तिच्या बापाशी तरी नीट वागायचं होतंस.

तुझी आई देवाघरी, बाप तेलाच्या जहाजावर. म्हणजे पत्र न्यायचं मीच. रजा मिळाली की येते. तोवर बेनच्या गावात, विंडवर्डला, पाऊल टाकू नकोस, कुणावर हात उगारू नकोस, आणि माशांखेरीज दुसरंही काही खात जा.

रागावलेली, तरी तुझीच,
युलिना आत्या


हार्वी व्हेल,
९ जुलै १९८६

ती. आत्यास ऑर्विलचा सा. न. वि. वि.

मी बरा आहे. हात कुणावर उगारलेला नाही. लिंटनच्या बोटीवर कामाला लागलोय. सुट्टीवर आलेल्यांना दिवसभर बेटं फिरवून आणायची.

काल टोरांटोचं एक कुटुंब होतं. थिओफिल क्वाशी, त्यांची बायको मेव्हिस आणि मुलगा डेझमंड. थिओफिल मूळचे इथलेच, पण सातव्या वर्षी गेलेले. नात्याचं आता कुणी उरलं नाही. घाई कुणालाच नव्हती. सँडी आयलंडला दोन तास डुंबले. मोपियनच्या वाळूवर ती एकच गवती छत्री, तिच्याखाली मेव्हिसबाई आडव्या झाल्या, तर नवरा म्हणे, बाईनं बेट विकत घेतलं, आता आपण भाडेकरू. डेझमंडला बोट लागली. उलटी झाली तशी त्यानं आपणच बादली घेऊन फळ्या धुतल्या, वर माझी माफी मागितली. मी म्हटलं, माशांना टोरांटोचा नाश्ता पहिल्यांदाच मिळाला असेल. पोटभर हसला. पेटिट मार्टिनिकला शंखातल्या मांसाचं कालवण आणि भाजलेलं ब्रेडफ्रूट होतं. त्यानं आपल्यातलं अर्धं मला वाढलं.

तिथून निघालो आणि थिओफिलनी बिस्किटांचा डबा उघडला. आत निळ्या फितीत बांधलेलं पत्र. म्हणाले, शेवटचा थांबा विंडवर्ड. गेल्या वर्षी होड्यांच्या शर्यतींच्या वेळी पोरानं तिथली मुलगी पाहिलीय, मागणी घालायची आहे. पण दार वाजवायला घराबाहेरचा, इथं जन्मलेला माणूस लागतो, येशील का? घर कुणाचं, विचारलं. बेन कॉम्प्टनचं.

मी हो म्हणालो. का ते विचारू नकोस. राग येईल म्हणून वाट बघत होतो, तो काही आला नाही. सुकाणू हातात होतं, वारा मागून होता, बोट आपली चालली होती.

दार मी वाजवलं. बेननं लगेच उघडलं. मला पाहिलं, मागे उभी माणसं पाहिली, आणि चक्क हसून म्हणाला की या खेपेला माणसं घेऊन आलास, शहाणा झालास. मग थिओफिलनी पत्र कुणाचं ते सांगितलं. बेनचा चेहरा उतरला. का, ते मला कळलं नाही.

रीतीप्रमाणे वेर्लिनला बाहेर बोलावलं. दोन महिन्यांनी पाहिली. केस कापलेत. मध्यस्थाला मुलगी जो एक प्रश्न विचारते, तो तिनं विचारला. हे दार मी राजीखुशीनं वाजवलं का? सगळे माझ्याकडे बघत होते. डेझमंडसुद्धा. मी हो म्हणालो. तिनं बापाला सांगितलं की मग राहू दे पत्र, रविवारी उत्तर देते.

परतताना मेव्हिसबाईंनी केक दिला. खाल्ला. गोड होता की नाही, सांगता येत नाही.

अधूनमधून आठवण काढत जा.
तुझा ऑर्विल


ब्रुकलिन,
९ जुलै १९८६

चि. ऑर्विलला अ. आ.

पोस्टावर भरवसा नाही, म्हणून हे सिसिलच्या हाती देते. तो शनिवारी निघतोय, सोमवारी तुला मिळेल.

बेनची बहीण चर्चमध्ये भेटली. म्हणाली, तुमच्या भाच्यानं आमच्या घरात आग लावलीय. वेर्लिन दोन दिवस जेवली नाही. लग्न करीन तर त्या भडकू ऑर्विलशीच, म्हणते. शेवटी बाप म्हणाला, रीतीनं माणसं घेऊन येऊ दे, मी स्वतः दार उघडतो. गाढवा, कळलं का काही?

मी दोन ऑगस्टचं तिकीट काढलंय. नवी टोपीही घेतली. मध्यस्थ म्हणून लिंटनला विचारून ठेव. आणि देवाशपथ, तोवर गप्प बस.

भेटीला उतावीळ,
युलिना आत्या


हार्वी व्हेल,
१५ जुलै १९८६

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र सिसिलनं काल दिलं. माझं बुधवारचं तुला अजून मिळालेलं नसेल. ते आधी वाच, म्हणजे हे समजेल.

परवा, रविवारी, वेर्लिननं क्वाशींना होकार दिला. लग्न सप्टेंबरात.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ती मला विचारत होती आणि मी क्वाशींच्या वतीनं उत्तर दिलं. रडू येईल असं वाटलं होतं. जेवलो, झोपलो, सकाळी उठून बोटीच्या फळ्या घासल्या. लिंटननं विचारलं, बरं नाही का. म्हटलं, बरं आहे.

बेनच्या बहिणीकडे यातलं काही बोलू नकोस. डेझमंड चांगला मुलगा आहे, हे वेर्लिननं न विचारताही मी तिला सांगितलं असतं.

तिकीट मात्र परत करू नकोस, तारीख तेवढी सप्टेंबरची करून घे. मध्यस्थाच्या घरच्यांना लग्नात पहिल्या टेबलावर बसवतात, आणि माझ्या घरचं म्हणून तूच आहेस.

माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा ऑर्विल