स्मारांदाच्या नावे घर

मी झाम्फिरा, लाकडी चमचे कोरणाऱ्या कै. वासिलेची बायको, वय साठच्या आसपास, राहणार वाल्या-रेचे, जिल्हा वास्लुई, राजीखुशीने लिहून ठेवते, की माझं डोकं ठिकाणावर आहे. परवापासून पाय मात्र जमिनीवर नाहीत, तेही कारकुनाने लिहावं.

कलम १. माझं दोन खोल्यांचं घर व परसातलं अक्रोडाचं झाड माझी मुलगी स्मारांदा हिला द्यावं. तेव्हा आम्ही गुलाम; ती सहा वर्षांची असताना आमच्या मालकाने तिला आपल्या लेकीच्या लग्नात आंदण दिलं. यादीत बारा उशा, दोन गाई, मग माझी पोर. पाच वर्षांनी आम्ही गुलामीतून सुटलो. तेव्हापासून दर जत्रेत विचारत फिरले, "आमची स्मारांदा कुणी पाहिलीत का?" पण मालकाची लेकही स्मारांदाच. दासीला बाईसाहेबांचं नाव कसं चालेल? माझ्या पोरीला मारिका म्हणू लागले. त्यांच्याच स्वयंपाकघरात जन्म काढून एवढं माझ्या ध्यानात येऊ नये! एकोणतीस वर्षं चुकीच्या नावाने शोधलं.

कलम २. तांब्याची कढई व कोरायच्या सुऱ्या मुलगा तोआदेर याला. तो म्हणतो, "आई, जत्रेत भेटलेल्या बाईला घर देतेस? उद्या दुसरी येईल." त्याच्यासाठी लिहिते. परवा जत्रेत एक बाई अडून बसलेल्या घोडीला म्हणत होती, "चला बाईसाहेब, का बिशपची बग्गी मागवू?" हे माझ्या आईचं बोलणं. मी धावत गेले, विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाली, "आजीनं. मला आंदणात नेलं त्याच्या आधी." बापाचं नाव, भावाचं नाव, सगळं बरोबर सांगितलं. तोआदेर, तू तिच्या दंडाला चावला होतास, तेही तिला आठवतंय.

कलम ३. शेजारीण इलिंका वीस वर्षं म्हणत आली, "मेली असेल गं, सोड नाद." तिला काही देऊ नये. माझ्या दिवसांच्या जेवणाला मात्र बोलवावं आणि स्मारांदाच्या शेजारीच बसवावं. चांगलं पोटभर वाढावं.

साक्षीला स्मारांदा स्वतःच पुढे आली, अंगठ्याला शाईही लावली. कारकून म्हणाला, "तुमची साक्ष चालत नाही, बाई. तुम्ही यांच्या मुलगी, वारस." मी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं, आणि म्हटलं, आता लिही.

झाम्फिराचा डाव्या हाताचा अंगठा.
वाल्या-रेचे, २२ जुलै १८८४.

साक्षीदार :
१. इओर्दाके, गावचे पाद्री (सही)
२. न्यागोए लोहार (अंगठा)
३. स्मारांदा. साक्ष अमान्य, कारण लिहून देणारीची सख्खी मुलगी.