न फुटलेल्या बांगड्या

प्रिय आत्याबाई,

उद्या शोभाच्या नवऱ्याचा दहावा आहे, म्हणून आज लिहायला बसले. शोभा म्हणजे आपल्या क्वार्टरच्या मागच्या ओळीतली, जिला तुम्ही 'नुसती चिवचिव करते' म्हणायच्या. आता तिचा आवाजच येत नाही. सासरची मंडळी गावाहून आली आहेत आणि उद्या सकाळी तिच्या बांगड्या फोडणार आहेत. अशा घरी साबण घेऊन तुम्ही जायच्या. तुम्हाला जाऊन तीन महिने होत आले, आत्याबाई, आणि मला भीती वाटते.

तुम्ही म्हणाल, पुस्तकातलं काहून बोलून राहिली? काय करू, कागदावर माझा हात असाच चालतो.

हे काविळीनं गेले, तेव्हा दहाव्याला तुमच्या जाऊबाई वरवंटा घेऊन आल्या होत्या. मी भिंतीला टेकून बसले होते, काही कळत नव्हतं. तुम्ही उठलात आणि दारातच बसलात. आपला पदर सारून मनगटावरचा तो पांढरा व्रण दाखवलात त्यांना.

"माया हात फोडला होता या रिवाजानं. इचा नाही फोडू देत मी."

"मग का हिरव्या बांगड्या घालून मिरवन का इधवा बाई?"

"त्या बांगड्या म्या भरल्या. म्याच उतरवीन."

मग मला न्हाणीत पाटावर बसवलंत. स्वतःचा थोरला लेक जाऊन दहा दिवस झालेले, तरी तुम्ही माझ्या हातांना साबण लावलात. एक बांगडी अडली. "हात ढिला सोड वं," म्हणालात, आणि मी तेव्हा पहिल्यांदा रडले. तोपर्यंत सगळे म्हणत होते, ही रडत कशी नाही. सगळ्या बांगड्या साबूत निघाल्या. धुऊन, यांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून तुम्ही त्या पेटीत ठेवल्यात.

पुढचं लिहायला जड जातं. पॉवर हाऊसमध्ये यांच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. सगळ्यांनी धाकट्या दिनकरभाऊजींचं नाव घेतलं. मॅट्रिक होऊन बिचारे घरीच बसलेले. तेही आशेनं तुमच्याकडे बघत होते. तुम्ही ताटात भात वाढता वाढता म्हणालात, "याले आज ना उद्या काम भेटन. इले कोण देईन?" भाऊजी जेवणावरून उठले. पिशवी भरली आणि शहराच्या बसमध्ये जाऊन बसले. तुम्ही अडवलं नाहीत. काहून नाही अडवलं, आत्याबाई?

मी कामावर निघाले त्या दिवशी तुम्ही ते फडकं सोडलंत. "फुटल्या नाही न, मग घालाले काय झालं?" आणि साऱ्या ओळीसमोर माझे हात भरलेत. बाया तोंडावर पदर धरून बघत होत्या. पुढं त्यांच्यातल्याच एकीवर वेळ आली, तेव्हा तिच्या आईनं मात्र तुम्हालाच हाक मारली. तुम्ही साबण घेतलात, मी मागून लोटा. नंतर अजून एकीकडे गेलो. त्या दोघीही आज कामावर जातात, पोरं शाळेत घालतात.

पण तुमचं काय? दर रविवारी तुम्ही डाळीचे गोळे वळून गोळाभात करायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "मले खावासा वाटला." दात कुठं होते तुम्हाला गोळे खायला? भाऊजींना आवडायचा तो. मग ओट्यावर बसून शहरातून येणारी बस बघायच्या. बस रिकामी झाली की लुगड्यावर बसलेली पॉवर हाऊसची राख झटकायच्या आणि आत यायच्या. एकदाही माझ्याजवळ रडला नाहीत. माझ्यामुळे तुमचा उरलेला लेक गेला, हे मला कळत नव्हतं का? दोघी मिळून रडलो असतो, तेवढंही तुम्ही मला दिलं नाहीत. याचा राग आहे माझा तुमच्यावर.

भाऊजी आले, ते तुम्हाला खांदा द्यायलाच. शहरात प्रताप नगरला राहतात, चांगलं चाललंय त्यांचं. सगळं आटोपल्यावर ओट्यावर तुमच्याच जागी बसले आणि म्हणाले, "वहिनी, माय माही आठवण करे का?" मी त्यांना रविवारचा गोळाभात सांगितला. मोठा माणूस गुडघ्यांत डोकं घालून रडला. मी आत गेले, चूल पेटवली, पण सुतक होतं घरात. गोळाभात काही केला नाही.

आज संध्याकाळी शोभाच्या दारावरून आले. तिची सासू ओट्यावर बसलेली होती. माझ्या हातांकडे बघून तिनं तोंड फिरवलं. उद्या ती मला उंबऱ्याच्या आत तरी घेईल का? तुमच्याजवळ मनगटावरचा व्रण होता दाखवायला. माझ्याजवळ काय आहे? तुम्ही माझ्या अंगावर व्रण येऊच दिला नाहीत.

बांगड्या आहेत. त्याच घालून जाईन, आत्याबाई. साबण घेतला आहे, लोटा घासून ठेवला आहे. दारात बसावं लागलं तर बसेन. शिव्या दिल्या तर ऐकून घेईन, पण उठणार नाही. शोभाला पाटावर बसवेन, आणि बांगडी अडली की तिला सांगेन, हात ढिला सोड वं.

तुमची सून,
कमल