तुळजापुरातून रत्नागिरीचा समुद्र

३ फेब्रु.
मुक्ताचं काम आजपासून माझ्याकडं. लेक गोव्यात समुद्रावर प्रबंध लिहिते. आई तुळजापुरात, जिथं नळाला पाणी चार दिवसांआड, समुद्राचं तापमान काढते. संगणकातल्या नकाशावर चौकोन ओढायचा. आतल्या पाण्याची सरासरी, कमाल, किमान आपोआप येतं. ते तिला पाठवायचं. "घरात वेळ जाईल तुझा." वेळेबद्दल माझी तक्रार नव्हती. घराबद्दल होती.

५ फेब्रु.
वरच्या पुजारीकाकू डोकावल्या. "समुद्र मोजताय कशाला, बाई? पळून चाललाय व्हय कुठं?" सरासरी समजावली. "म्हंजे तालुक्याच्या पावसावानी. तामलवाडीला धो धो, जळकोटला थेंब न्हाय, अन् कागदावर दोघंबी निम्मे भिजले." काकूंना नापास करणं अवघड.

८ फेब्रु.
एक चौकोन खरंच चुकला. लगेच मुक्ताचा फोन! आधी दुरुस्ती, मग "जेवलीस का?", मग मेसच्या आमटीची यथेच्छ निंदा. एरवी रविवारी दोनच वाक्यं. बरी आहेस ना. बरी आहे.

१२ फेब्रु.
अक्षांशाच्या जागी रेखांश टाकले. मुद्दाम. रत्नागिरीचा समुद्र नॉर्वेच्याही वर जाऊन बसला.
"आई, पाच अंश? रत्नागिरीला?"
"थंडी लई पडलीय यंदा."
हसली. किती दिवसांनी. मग, "भूगोल शिकवायचीस ना गं तू?"
जन्म गेला शिकवण्यात. ही चूक नववीतलं पोरगंसुद्धा करत नाही.

१६ फेब्रु.
पकडलं. "तुझ्या चुका नेमक्या माझ्या जेवणाच्या सुट्टीत कशा होतात गं?"
तुझे बाबा गेल्यापासून... असं काहीतरी तोंडात आलं होतं. "नेट जातं," म्हणाले. नेट बिचारं काय बोलणार.

१९ फेब्रु.
मुक्ताचा निरोप: सगळ्या चौकोनांची एक फाईल केली, आता प्रोग्रॅम एका दमात आकडे काढतो. नमुना सोबत. "तुला आता त्रास नको."
त्रास गेला. एकच भाकरी थापली, तीही उरली.

२३ फेब्रु.
तिचा नमुना आज उघडला. कोकण किनाऱ्याशी किमान तापमान शून्य. अरबी समुद्रात बर्फ! उपग्रहाला ढगाखालचं पाणी दिसत नाही; ती जागा कोरी सोडायची, ती प्रोग्रॅमनं शून्य धरली असावी. सगळी सरासरी खाली ओढली गेलीय. शुक्रवारी हेच आकडे तिला प्रबंधाच्या सरांपुढं मांडायचेत.
फोन केला.
"आई, पुरे आता."
"अगं, ह्या खेपेला खरंच."
"मागच्या खेपेलाही खरंच नेट गेलं होतं."
"नव्हतं. मुद्दाम केलं होतं. तू बोलावंस म्हणून."
तिच्या मागं मेसमधली भांडी वाजत होती. मग, "कुठला चौकोन?"
सांगितला. पलीकडं संगणकाच्या कळा वाजायला लागल्या. फोन तिनं ठेवला नाही, मीही नाही. फोन खांद्यानं कानाशी दाबून हे लिहितेय. मान अवघडलीय. कळा अजून वाजताहेत.