बार्शी रोडवरचं मर्लिन

३ मार्च, सोमवार
आजपासून लॉगबुक. लढाऊ वैमानिक लिहायचे तसं. फक्त कामाचं लिहायचं, रडगाणं नाही.
गाडीचं नाव पक्कं केलं. मर्लिन. दुसऱ्या महायुद्धात ज्या इंजिनाने इंग्लंडची लाज राखली, त्याचं नाव. ते बारा सिलिंडरचं, सत्तावीस लिटरचं. आपलं तीन सिलिंडरचं, पाऊण लिटरचं. तत्त्व तेच.
महानंदाला सांगितलं. ती म्हणाली, नाव काय बी ठेवा, उद्या डायलिसिसला टायमावर न्या म्हंजे झालं. बायकांना इतिहासात रस नसतो.
मंगळवारी आणि शनिवारी, मुरुड ते लातूर. तिच्या किडन्या गेल्यापासून मीच नेतो. तिचा भाऊ शिवप्रसाद लातुरातच असतो, नवीकोरी गाडी आहे. दर वेळी फोन करतो, दाजी, मी येऊन नेतो की. नको म्हणतो. बायको आपली, गाडी आपली.

४ मार्च, मंगळवार
गाडी तापली. दोनदा थांबलो. पोचेपर्यंत आमचं मशीन दुसऱ्या पेशंटला दिलेलं. सिस्टर बोलली. मी ऐकून घेतलं, मोठ्या मनाने.
बाकावर बसल्या बसल्या महानंदाला मर्लिनची मूळ खोड सांगितली. विमानाने एकदम नाक खाली घातलं की कार्बोरेटर दगा द्यायचा, इंजिन गचके खायचं. जर्मनांचं फ्युएल इंजेक्शन, त्यांना काही व्हायचं नाही. शेवटी एका इंजिनिअर बाईने पेट्रोलच्या वाटेत भोकाची एक छोटी पितळी चकती बसवली. प्रश्न मिटला.
तिचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, तिनं कुणाला तरी इचारलं असंल.


६ मार्च, गुरुवार
स्टँडजवळच्या दयानंद मिस्त्रीकडे गाडी दाखवली. म्हणाला, रेडिएटर चोंदलाय, हेड गॅस्केट जायच्या बेतात हाय, आठ दिवस सोडा गाडी. मी त्याला विचारलं, अमेरिकन थंडरबोल्ट विमानाच्या इंजिनाला सिलिंडर किती? त्याला माहीत नव्हतं. अठरा!
असल्या माणसाच्या हातात मर्लिन देणार नाही. सगळं काम स्वतः करायचं. निश्चय.

९ मार्च, रविवार
सापडलं! वॉटर इंजेक्शन.
युद्धात इंजिन पार ताणायचं असलं की हवेबरोबर आत पाण्याचा फवारा सोडायचे. आतली उष्णता उतरते, ताकद वाढते. जर्मन लोक अर्धं पाणी, अर्धं मिथेनॉल घालायचे. मेडिकलवाल्याला मिथेनॉल मागितलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. तेव्हा नुसत्या पाण्यावर भागवायचं.
पंप काच धुण्याचा. बाटली सलाईनची, घरात पुष्कळ पडल्यात. फवाऱ्याला आपल्याच दुकानातला फॉगर. वीस वर्षं ठिबक विकतो, त्याचा असा उपयोग होईल हे कुणाच्या बापाला सुचलं नसतं.
दुपारी शेषेराव आले, ठिबक बंद पडल्याची तक्रार घेऊन. सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं. आपल्या भागातलं बोअरचं पाणी लई क्षाराचं, मामा. ॲसिड मारून नळ्या धुवा, नायतर भोकं बुजतात. त्यांना पटलं. माझा शब्द पंचक्रोशीत चालतो.
ते गेल्यावर बाहेरच्या बोअरच्या नळाला बाटली भरली.

११ मार्च, मंगळवार
यशस्वी! तापमानाचा काटा खाली. गाडीने एसटीला मागे टाकलं. महानंदाला येताना मळमळलं. डायलिसिसनंतर मळमळतंच, वेगाचा काही संबंध नाही.

१४ मार्च, शुक्रवार
धुळवड. दुकान बंद. नवीन सुधारणा.
अमेरिकन फायटरमध्ये थ्रॉटलच्या वाटेत एक बारीक तार बांधलेली असायची. जिवावर बेतलं तर वैमानिकाने ती तोडून थ्रॉटल पार पुढे ढकलायचा. वॉर इमर्जन्सी पॉवर. पाच मिनिटंच. उतरल्यावर मेकॅनिकला कळायचं की तार तुटलीय, म्हणजे इंजिन तपासा. शिस्त बघा.
मोटार वाइंडिंगची तार आणून ॲक्सिलरेटरखाली बांधली. महानंदाने विचारलं, हे काय करायलाव? सांगितलं, जीवनमरणाचा प्रसंग आला तरच तोडायची. तिने विचारलं, कुणाच्या जीवनमरणाचा?
प्रश्न नीट समजला नाही.

१९ मार्च, बुधवार
काल गाडीची ओढ कमी वाटली. कारणं: पेट्रोलमध्ये भेसळ, समोरून वारा, महानंदाची पिशवी.
घरी आल्यावर कळलं, तिने शिवप्रसादला परस्पर फोन केला होता. शनिवारी तो येणार म्हणे. इथे खरं लिहितो, फार लागलं मनाला. एवढी वर्षं मी नेतो. तिला म्हणालो, त्याच्या गाडीत सगळं कॉम्प्युटर करतो, माणसाचं काही कसबच नाही. ती म्हणाली, मला कसब नको, मला टायमावर मशीन पायजे.
रात्री जेवलो नाही. आज सकाळीही नाही. दुपारी तिने भावाला नको म्हणून कळवलं.
जिंकलो.

२२ मार्च, शनिवार
अर्ध्या वाटेत काटा वर. पंप दाबला. पंप वाजतोय, फवारा नाही. निर्णय घेतला, तार तोडली. मिनिटभर गाडी अशी पळाली की काय सांगू. मग सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि संपलं.
रस्त्याला सावली नाही. महानंदा दार उघडून बसली, पाय सुजून चपलेत मावत नव्हते. शिवूला फोन लावते म्हणाली. मी म्हणालो, थांब, गार झाली की निघू. हे दोन-तीनदा झालं. मग तिने विचारणं सोडलं.
शेवटी एका जीपवाल्याने सोडलं. दवाखान्यात मशीन मोकळं नव्हतं. सोमवारी सकाळी या म्हणाले. तोवर पाणी मोजून प्यायला सांगितलं.
संध्याकाळी गाडी ओढून घरी आणली, फॉगर उघडला. भोक पांढऱ्या खड्याने बुजलेलं.
पाण्याचा दोष. तत्त्व बरोबर होतं.

२३ मार्च, रविवार
महानंदाला आडवं होता येईना. लोडाला टेकून बसली. म्हणाली, अहो, दम लागायलाय. मी म्हणालो, उकाडा आहे. पंखा जवळ आणला. बोलताना ती मध्येच थांबत होती, हवा पुरत नसल्यासारखी.
ओठ निळसर दिसले तेव्हा मीच शिवप्रसादला फोन केला. हेही लिहून ठेवतो, मीच केला.
तो आला. मी मागे बसून तिला धरलं. त्याच्या गाडीचा आवाज येत नव्हता, त्यामुळे तिच्या श्वासाचा फार येत होता. 

२५ मार्च, मंगळवार
आयसीयूबाहेर. फुप्फुसात पाणी झालंय. नळी घातलीय.
डॉक्टरांनी विचारलं, डायलिसिस चुकलं कसं? सविस्तर सांगितलं. आधी गॅस्केट, मग क्षार, मग तार. ते म्हणाले, काका, मी गाडीचं विचारलं नाही.

शिवप्रसादची बायको विशाखा डबा घेऊन आली. माझ्यासाठीही आणला होता. खाल्ला.

३० मार्च, रविवार
पाडवा. महानंदा काल वॉर्डातून सुटली. सध्या भावाकडे लातुरातच राहील, दवाखाना जवळ पडतो. सध्या म्हणजे किती, ते कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
घरी गुढी उभारली नाही. दयानंदकडे गाडी ढकलत नेली. आठ दिवस म्हणाला होता तो, महानंदाचं सांगितल्यावर पाचात देतो म्हणाला. वॉटर इंजेक्शन काढून टाकायला सांगितलं. शनिवारी तिला स्वतः आणायचं.

५ एप्रिल, शनिवार
गाडी झकास. मुरुड ते लातूर एकदाही थांबलो नाही. काटा जागचा हलला नाही. ही गाडी आधीच दयानंदकडे दिली असती तर, असं वाटेत एकदा मनात आलं. ते तिथेच सोडलं.
दवाखान्याच्या फाटकाशी लावली. आतून पुसून घेतली होती, मागे उशी ठेवली होती. शिवप्रसाद बाजारात होता. डायलिसिस आटोपून महानंदा विशाखाचा हात धरून बाहेर आली. बारीक झालीय. मी मागचं दार उघडून म्हणालो, चल, घरी जाऊ. नाहीतर शिवूकडे सोडतो, तू म्हणशील तिथे.
ती जवळ आली. थोडा वेळ इंजिनाचा आवाज ऐकत उभी राहिली. मी सांगितलं, बघ, एका लयीत चाललंय.
म्हणाली, हाव, चांगली झाली की गाडी.
मग विशाखाला घेऊन रस्ता ओलांडला आणि पलीकडे उभ्या ऑटोत बसली.
ऑटो. एक सिलिंडर. ताकद जेमतेम दहा हॉर्सपॉवर. मागे तिघं बसली तर चढ चढत नाही. दोघीच होत्या, त्यामुळे सहज गेला. तो चौकात वळून दिसेनासा होईपर्यंत मी दार धरून उभा होतो.